घरी वळलेला चिरूट आणि मुंबईची हवा : वाचकांचे प्रश्न

गेल्या काही महिन्यांत घरी चिरूट वळणाऱ्या वाचकांची जी पत्रे या सदराकडे आली, त्यांतील बहुतेकांची तक्रार स्वतःच्या हाताविषयी आहे. हात बसत नाही, पान फाटते, मध्येच गाठ येते, चिरूट अर्ध्यावर विझतो. मी दादरच्या राहत्या घरात बरीच वर्षे चिरूट वळत आलो आहे आणि माझे मत असे झाले आहे की आपण हाताच्या माथी मारतो तो बराचसा दोष पानाचा असतो. पान कोणते, ते कसे वाळवलेले आणि वळतेवेळी त्यात ओल किती, या तीन गोष्टी जुळल्या तर नवशिक्याचा चिरूटही नीट जळतो. त्या जुळल्या नाहीत तर हवानाचा मुरलेला कारागीर आणून बसवला तरी त्याचा इलाज चालणार नाही. पुढील उत्तरे या समजुतीने वाचावीत. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : निपाणीच्या एका नातेवाइकांकडून मी विडीची तंबाखू आणवली, पण पिशवीत अख्खे पान एकही नव्हते. नंतर व्हर्जिनियाची अख्खी पाने मिळवली. त्यांचा चिरूट वळला गेला खरा, परंतु धूर जिभेला चावतो आणि वास सिगारेटसारखा गोडसर येतो. तंबाखू सगळी सारखीच, मग चूक कुठे झाली? — एक वाचक, गिरगाव

उत्तर : आपल्या हातून चूक झालेली नाही, तंबाखू सगळी सारखीच ही समजूत मात्र सोडावी लागेल. वनस्पती एकच असली तरी वाण, जमीन आणि त्याहूनही वाळवण्याची रीत यांमुळे पानाचा स्वभाव पुरता पालटतो.

निपाणी भागातील विडीची तंबाखू उन्हात पसरून वाळवतात. पानावर तांबूस ठिपके उमटले की पीक पक्व झाले असे शेतकरी मानतो, आणि वाळलेल्या पानाचा पुढे जर्दा होतो, कारण विडीत टेंभुर्णीच्या पानाच्या आत चिमूटभर जर्दाच जायचा असतो. न फाटलेले, लवचीक, अख्खे पान ही त्या व्यापाराची गरजच नाही. आपल्या नातेवाइकांनी पाठवला तो माल विडीसाठी उत्तम असेल. चिरुटासाठी तो निरुपयोगी आहे.

व्हर्जिनियाची गोष्ट वेगळी. ती आंध्र प्रदेशात आणि कर्नाटकात हुणसूर, पिरियापट्टण या बाजूला मोठ्या प्रमाणावर होते. तोडलेली पाने बंद कोठीत टांगून, नळ्यांतून खेळवलेल्या उष्णतेवर साधारण आठवडाभरात वाळवतात. एवढ्या लवकर वाळल्यामुळे पानातील पिष्टाची जी साखर झालेली असते ती खर्च होण्याआधीच पान मरते आणि साखर आत तशीच राहून जाते. पिवळा रंग, गोडसर वास आणि आम्लधर्मी धूर हे सारे त्या साखरेचे परिणाम आहेत. सिगारेटला नेमके हेच हवे असते. चिरुटाचे पान याच्या उलट सावलीत, वाऱ्यावर, 4 ते 8 आठवडे टांगलेले असते. त्या काळात पान हळूहळू मरते, आपली साखर आपणच संपवते आणि तपकिरी होते. त्याचा धूर अल्कधर्मी असतो. आपल्या जिभेला चावतो आहे तो जाड वळलेल्या व्हर्जिनियाचा गोड, गरम धूर. ती पाने कितीही मुरवली तरी चिरुटाची पाने होणार नाहीत, म्हणून तो प्रयोग येथेच थांबवावा.

मग पान आणावे कुठले? आपल्याकडे या पानाची जुनी परंपरा दक्षिणेत आहे. चिरूट हा शब्दच मुळात तमिळ ‘सुरुट्टु’ म्हणजे गुंडाळी या शब्दापासून निघून इंग्रजीमार्गे आपल्याकडे पोहोचला, आणि तिरुचिरापल्लीचे चिरूट एके काळी विलायतेत नावाने ओळखले जात. आजही दिंडुक्कल आणि त्याच्या आसपासच्या भागात चिरुटाच्या भरावाची तंबाखू पिकते. तेथून जवळच वेडसंदूर येथे सिगार आणि चिरुटाच्या तंबाखूसाठी 1948 मध्ये संशोधन केंद्र सुरू झाले. गोदावरीच्या पात्रातील बेटांना तेलुगूत ‘लंका’ म्हणतात. पुराच्या गाळाने सुपीक झालेल्या त्या बेटांवरची तंबाखू म्हणजे ‘लंका तंबाखू’, आणि तीही चिरुटाचीच. वरच्या वेष्टनासाठी लागणारे पातळ, बारीक शिरांचे पान उत्तर बंगालात कूचबिहारकडे मिळते. त्याला ‘जाती’ म्हणतात. हे नाव मागताना सावध राहावे, कारण त्याच भागात ‘मोतिहारी’ नावाची जी तंबाखू होते ती निराळ्याच वनस्पतीची, हुक्क्याची आणि खाण्याची, अतिशय जहाल तंबाखू आहे आणि चिरुटात तिला स्थान नाही. आंध्रातील बर्ले हे पानही सावलीतच वाळवलेले आणि कमी साखरेचे असते; चव थोडी सपाट असली तरी सरावासाठी आणि भरावातील एक भाग म्हणून ते चालते.

आता प्रयोगाची रीत. अनेक जण पहिल्याच चिरुटात चार गावांची पाने एकत्र करतात आणि मग कोणत्या पानाने काय केले हे त्यांना कळत नाही. मी प्रत्येक नव्या पानाची आधी एकट्याचीच बोटभर लांबीची लहान नळी वळतो आणि तीन गोष्टी वहीत लिहून ठेवतो : न ओढता किती वेळ धुमसत राहते, राखेचा रंग काय आहे, आणि धूर नाकाजवळून गेला तर झोंबतो का. त्यानंतरच मिश्रण, आणि मिश्रणातही एका वेळी एकच पान बदलायचे. पान झाडाच्या कोणत्या भागावरचे आहे हे विचारून घ्यावे, कारण एकाच झाडाची खालची पाने पातळ, सौम्य आणि चटकन जळणारी, मधली सुवासिक, तर शेंड्याकडची जाड, तेलकट, कडक आणि सावकाश जळणारी असतात. क्यूबातील कारागीर त्यांना अनुक्रमे व्होलादो, सेको आणि लिहेरो म्हणतात. भरावात निम्मे मधले पान, पाव खालचे आणि पाव वरचे घेऊन सुरुवात केली तर फारसे काही बिघडत नाही.

एक गोष्ट राहिली. नुसते वाळलेले पान हे तयार पान नव्हे. पेटवल्यावर त्याला अमोनियाचा, गोठ्यातल्यासारखा उग्र दर्प येत असेल तर ते मुरलेले नाही. कारखान्यात शेकडो किलो दमट पाने रचून ढीग करतात; ढीग आतून आपोआप तापतो, 50 अंश सेल्सिअसच्या आसपास गेला की तो उलथून पुन्हा रचतात, आणि अमोनिया हळूहळू निघून जातो. घरातली दोन किलो पाने आपोआप तापत नाहीत, हे लक्षात न आल्यामुळे अनेकांची पाने नुसती कुजली आहेत. घरी हे करायचे असेल तर तापमान आपोआप राखणारी जाड भिंतींची पेटी हवी, आत 50 अंश आणि 70 ते 75 टक्के आर्द्रता हवी आणि महिना-दीड महिन्याचा धीर हवा. थर्माकोलच्या खोक्यात विजेचा दिवा सोडून ही ऊब मिळवण्याचा प्रकार कुणीही करू नये, कारण थर्माकोल पेट घेते. त्यापेक्षा मुरलेले पानच विकत घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : जानेवारीत वळलेले चिरूट फेब्रुवारीत तडकले. म्हणून जूनमध्ये वळलेले चिरूट मी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवले, तर ऑगस्टपर्यंत त्यांवर पांढरा थर आला. एक जाणकार म्हणतात की हा थर म्हणजे पानातले तेल वर आले आहे आणि ते उत्तम चिरुटाचे लक्षण आहे. ते खरे आहे का? — एक वाचक, मुलुंड

उत्तर : आपल्या जाणकारांचे म्हणणे मला पटत नाही. पानातील तेले किंवा क्षार वर येऊन लव दिसते असे पुष्कळ जण सांगतात, परंतु अशी लव बहुतेक वेळा बुरशीच असते, आणि मुंबईच्या ऑगस्टमध्ये ओल्या फडक्यात ठेवलेल्या चिरुटावर दुसरे काही असण्याचा संभवच नाही. ते चिरूट पुसून ओढू नयेत. फेकून द्यावेत.

हे लिहिताना मला वाईट वाटते, कारण माझी स्वतःची पहिली पाने अशीच गेली. पानवाला विड्याची पाने ओल्या फडक्यात टवटवीत ठेवतो हे रोज पाहत असल्यामुळे मीही वीस चिरूट मलमलीच्या ओल्या तुकड्यात गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवले. एका मित्राने दिंडुक्कलहून मुद्दाम आणून दिलेली पाने होती ती. गणपती उठल्यावर डबा उघडला तेव्हा सगळ्यांवर निळसर-हिरवी बुरशी होती. विड्याचे पान जिवंत असते आणि त्याला पाणी हवे असते. तंबाखूचे पान मेलेले असते. त्याला पाणी नको असते, आजूबाजूच्या हवेत ठरावीक प्रमाणात बाष्प हवे असते. या फरकातच आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे.

तयार चिरुटासाठी 65 टक्क्यांच्या आसपास सापेक्ष आर्द्रता चांगली. 70च्या वर तो जळायला कुरकुरतो आणि बुरशीची भीती सुरू होते, तर 60च्या खाली वेष्टन ठिसूळ होऊ लागते. मुंबईत जुलैमध्ये हवा 85 टक्क्यांच्याही वर जाते आणि हिवाळ्यात जमिनीवरून कोरडे वारे वाहू लागले की दुपारी ती चाळिशीपर्यंतही उतरते. थोडक्यात, ज्या प्रमाणात चिरूट सुखी राहतो ते प्रमाण आपल्या शहराची हवा येता-जाता गाठते, तिथे थांबत नाही. म्हणून बाहेरच्या हवेवर काहीच सोपवू नये. रबरी कडेचा घट्ट झाकणाचा डबा घ्यावा, त्यात आर्द्रता दोन्ही बाजूंनी सांभाळणारी, म्हणजे कमी पडल्यास देणारी आणि जास्त झाल्यास शोषणारी, 65 टक्क्यांची पुडी ठेवावी, आणि एक लहान आर्द्रतामापक ठेवावा. स्वस्त मापक पुष्कळदा पाच-सात टक्क्यांनी चुकतात, म्हणून आधी त्याची परीक्षा घ्यावी : बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते ओलसर होईल एवढेच पाणी त्यात घालावे, ते झाकण आणि मापक एका हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवावे. मापकाने 75 दाखवायला हवेत. जेवढा फरक दिसेल तेवढा कायम हिशेबात धरावा.

लाकडी पेटीची हौस असलेल्यांसाठी सांगतो. परदेशात या पेट्या ज्या लाकडाच्या करतात त्याला ‘स्पॅनिश सीडर’ म्हणत असले तरी ते देवदाराच्या जातीचे नसून आपल्या तूण वृक्षाच्या अगदी जवळच्या नात्यातले आहे, आणि आपल्याकडे सिगारच्या पेट्यांसाठी तूणच वापरत आले आहेत. मात्र पावसाळ्यात लाकडी पेटी फुगून झाकण बसेनासे होते. मुंबईत मी लाकडाच्या पातळ फळ्या घट्ट डब्याच्या आत ठेवतो आणि पेटीचा आग्रह धरत नाही.

बुरशीइतकाच मोठा शत्रू म्हणजे तंबाखूचा किडा. हा दोन-तीन मिलिमीटरचा तपकिरी भुंगेरा आपल्या गृहिणींना चांगला ठाऊक आहे, कारण हळदीला, धन्याला आणि सुक्या मिरचीलाही तोच लागतो. तेव्हा तंबाखूची पाने मसाल्याच्या डब्यांजवळ ठेवू नयेत, दोघांच्याही हिताचे तेच आहे. त्याची अंडी पानात आधीपासूनच असू शकतात आणि उष्ण हवेत ती उबतात. मुंबईची बाराही महिने त्यांना सोयीची हवा आहे. चिरुटावर टाचणीने टोचल्यासारखे गोल भोक दिसले की समजावे. उपाय थंडीचा : नवी पाने आल्याबरोबर दुहेरी पिशवीत बंद करून उणे 18 अंशांच्या फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवावीत, मग एक दिवस फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, मग बाहेर, आणि पिशवी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नये, नाही तर पानांवर दव जमते.

प्रश्न : माझा चिरूट इतका घट्ट होतो की गाल दुखेपर्यंत ओढला तरी धूर येत नाही. सैल वळला तर एका बाजूने जळत जातो. साचा आणि ते अर्धचंद्राकृती पाते घेतल्याशिवाय हे जमणार नाही का? — एक वाचक, माहीम

उत्तर : साच्यावाचून जमते. क्यूबातील कारागीर ज्या पात्याने पान कापतात, त्याला ते ‘चावेता’ म्हणतात. आपल्या चर्मकाराची रापी हे त्याच कामाचे हत्यार आहे. नवी, धार लावलेली रापी आणि खाली एक सपाट लाकडी फळी यांवर माझे सगळे काम होते.

घट्टपणाचे मूळ बहुधा ओलीत असते, म्हणून आधी ओल तपासावी. कोरड्या पानाला कधीही हात लावू नये. ते काचेसारखे तुटते. उकळून गार केलेल्या पाण्याचा अगदी हलका फवारा मारून पाने पिशवीत रात्रभर ठेवावीत म्हणजे ओल सगळीकडे सारखी पसरते. सकाळी सगळी पाने सारखीच ओली असतील तर वळायला बसू नये. वेष्टनाचे पान सुती रुमालासारखे मऊ आणि ताणले तर किंचित देणारे हवे. भरावाची पाने मात्र बाहेर काढून इतकी सुकू द्यावीत की मुठीत धरल्यावर ती कुरकुरतील पण मोडणार नाहीत. ओल्या भरावाचा चिरूट वळताना सुरेख वाटतो, कारण पान कुठेही वळते, पण आत ती पाने एकमेकांना चिकटून लगदा होतात आणि हवेला वाट राहत नाही. सगळ्यांची ओल सारखी ठेवणे ही नवशिक्यांची सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे.

दुसरे कारण पाने रचण्याचे. पुस्तकाच्या पानांसारखी एकावर एक ठेवून मिटली की झटपट काम होते, परंतु घडीच्या बाजूला पाने दाटतात आणि उघड्या बाजूला विरळ राहतात, मग चिरूट एका बाजूने जळणारच. त्याऐवजी प्रत्येक पान स्वतंत्रपणे हलक्या चुण्या घालून किंवा सैल नळी करून डाव्या तळहातात एकेक करीत गोळा करावे. त्याआधी भरावाच्या पानाची मधली शीर, निदान देठाकडची दोन तृतीयांश, ओढून काढलेली असावी. वेष्टनाच्या आणि बांधणीच्या, म्हणजे भरावाभोवती वेष्टनाच्या आत गुंडाळायच्या, पानाची शीर पूर्ण काढून त्याचे दोन अर्धे करावेत. शेंड्याकडचे कडक पान नेहमी मधोमध ठेवावे, कारण ते सावकाश जळते आणि कडेला आले तर चिरूट तिथे मागे राहतो. सर्व पानांची टोके पेटवायच्या बाजूला यावीत. ही जुडी बांधणीच्या पानात तिरकी वळून झाली की लगेच तोंडाला लावून नुसती हवा ओढून पाहावी. या टप्प्यावर घट्टपणा कळला तर जुडी सोडून एक पान कमी करता येते. वेष्टन चढल्यावर काहीच करता येत नाही. बरी वाटली तर छपाई नसलेल्या कागदात घट्ट गुंडाळून तासभर ठेवावी, साच्याचे काम तो कागद करतो.

वेष्टन चढवताना शिरांची बाजू आत, सुरुवात पेटवायच्या टोकाकडून, आणि प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर थोडा चढलेला. डोक्याशी, म्हणजे तोंडात धरायच्या टोकाशी, टोपी म्हणजे पानाचा लहान तुकडा चिकटवण्यासाठी मैद्याची पातळ खळ किंवा डिंकाचे पाणी बोटाच्या टोकावर मावेल एवढेच घ्यावे. सुरुवातीला फार जाड चिरूट करू नये. चिरुटाची जाडी इंचाच्या 64व्या भागात मोजतात. 42 मापाचा, म्हणजे सुमारे 17 मिलिमीटर जाड आणि 13 सेंटिमीटर लांब चिरूट शिकण्यासाठी योग्य. त्यात सगळी पाने मिळून आठ-नऊ ग्रॅम लागतात. जुडी वळण्याआधी पाने वजन करून घेतली तर हाताला अंदाज लवकर येतो. वळल्यावर लगेच पेटवण्याचा मोह आवरावा. निदान तीन आठवडे डब्यात विसावल्यावर आतली आणि बाहेरची ओल एक होते.

प्रश्न : माझे पती घरी चिरूट वळतात आणि संध्याकाळी गॅलरीत ओढतात. ते म्हणतात की धूर छातीत घेत नाही आणि घरच्या पानात कसलेही रसायन नाही, त्यामुळे अपाय नाही. घरात दोन लहान मुले आहेत. आपण या विषयावर लिहिता, म्हणून आपल्यालाच विचारते. — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, आपण मलाच विचारलेत हे योग्य केलेत, आणि आपल्या पतींनी हे उत्तर स्वतः वाचावे अशी माझी विनंती आहे.

अपाय आहे. मी वर लिहिले की चिरुटाचा धूर अल्कधर्मी असतो. त्याचाच अर्थ असा की त्यातील निकोटीन तोंडाच्या आतील त्वचेतूनच रक्तात जाते, छातीत धूर ओढण्याची गरजच पडत नाही. म्हणून न ओढताही सवय जडते. धुरातील घातक द्रव्ये लाळेबरोबर घशातून अन्ननलिकेपर्यंत पोहोचतात, आणि तोंड, घसा, स्वरयंत्र व अन्ननलिका यांच्या कर्करोगाशी चिरुटाचा संबंध निर्विवादपणे सिद्ध झालेला आहे. फुप्फुसेही त्यातून सुटत नाहीत. परळच्या टाटा रुग्णालयाच्या शहरात राहणाऱ्या माणसाला हे अधिक सांगायला नको. रसायनाविषयी म्हणाल तर, कर्करोगकारक नायट्रोसामाइन्स बाहेरून घालावी लागत नाहीत. पान वाळताना आणि मुरताना ती पानातच तयार होतात, आणि चिरुटाच्या मुरवलेल्या पानात ती भरपूर असतात. जे मुरवणे चिरुटाला चव देते, तेच हेही देते. घरी वळल्याने यांतले काहीही टळत नाही. चिरूट सिगारेटपेक्षा कितीतरी जास्त वेळ जळतो, आणि गॅलरीतला धूर उघड्या दारातून मुलांच्या खोलीत येतोच.

मुलांच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट तातडीची आहे. तंबाखूचे पान, आणि पान भिजवलेले पाणी तर विशेषच, लहान मुलाच्या पोटात गेले तर विषबाधा होते. पाने कुलपात असावीत, फवाऱ्याचे भांडे ओट्यावर राहू नये, आणि ओली पाने हाताळताना हातमोजे घालावेत, कारण ओल्या पानातले निकोटीन त्वचेतूनही शिरते. बराच वेळ ओली पाने हाताळल्यावर मळमळ आणि घेरी येते, ती त्यामुळेच.

मी स्वतः चिरूट ओढतो, फार क्वचित, घराबाहेर आणि एकट्याने, आणि तो निरुपद्रवी आहे असे स्वतःला सांगत नाही. आपल्या पतींना रोज संध्याकाळी तो लागतच असेल तर ती हौस राहिलेली नाही, सवय झाली आहे. सवय सोडण्यासाठी 1800-11-2356 या राष्ट्रीय मदत क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. त्यांनी तो घ्यावा.

प्रश्न : वेष्टनाचे पान महाग पडते. त्याऐवजी टेंभुर्णीचे पान वापरता येईल का? आणि असे चिरूट मित्रांना विकता येतील का? — एक वाचक, लालबाग

उत्तर : टेंभुर्णीचे पान विडीसाठीच बरे. त्यातून हवा फारशी खेळत नाही, म्हणून विडी हातात धरून ठेवली की विझते. एवढ्या जाड चिरुटावर ते गुंडाळले तर तो पावलोपावली पेटवावा लागेल. शिवाय पान लहान असते आणि चिरुटाच्या चवीत वेष्टनाचा जो वाटा असतो तो पूर्णपणे जातो. वेष्टन परवडत नसेल तर बांधणीचेच चांगले पान निवडून त्याचा दुसरा थर द्यावा, दिसायला खडबडीत असला तरी जळतो नीट.

विकू नयेत. विक्री आली की कर आला, आणि 2003च्या तंबाखू नियंत्रण कायद्याप्रमाणे पाकिटावरील सचित्र इशाऱ्यासह सर्व बंधने आली.

प्रश्न : वसईला आमच्या वाडीत गेल्या वर्षी मी तंबाखूची 30 झाडे लावली होती. पाने मोठी आली, सावलीत नीट वाळली, रंगही तपकिरी आला. पण पान पेटतच नाही. नुसते काळे पडून विझते, आणि हिवाळ्यातही हाताला चिकट, दमट लागते. पाणी विहिरीचे, थोडे मचूळ आहे. — एक वाचक, वसई

उत्तर : आपण शेवटचे वाक्य लिहिलेत म्हणून उत्तर देणे सोपे झाले. मचूळ पाण्यातील क्लोराइड तंबाखूचे झाड अधाशासारखे पानात साठवते. असे पान हवेतली ओल ओढून घेते, म्हणून ते कोरड्या दिवसांतही दमट राहते, आणि ते धुमसत नाही. वाळवण्यात किंवा मुरवण्यात हा दोष जात नाही, तेव्हा त्या पानांवर आणखी कष्ट घेऊ नयेत. पोटॅश मिळावे म्हणून आपण साधे म्युरिएट ऑफ पोटॅश घातले असेल तर त्यानेही भरच पडली, कारण तेही क्लोराइडच आहे. तंबाखूला पोटॅश हवेच, पानाचे धुमसणे त्यानेच सुधारते, मात्र ते सल्फेटच्या रूपात द्यावे लागते.

यंदा पुन्हा लावणार असाल तर पावसाचे साठवलेले पाणी किंवा नळाचे पाणी वापरावे. बी इतके बारीक असते की एका ग्रॅममध्ये दहा हजारांवर दाणे भरतात, तेव्हा चिमूटभर बी पुरते. ते मातीत गाडू नये, वर भुरभुरावे. ऑगस्टच्या मध्यावर रोप टाकून पावसाचा जोर ओसरल्यावर, सप्टेंबरच्या अखेरीस लावणी केली म्हणजे मुळांशी पाणी साचत नाही, आणि पावसाने जमिनीतले क्षारही काहीसे खाली धुऊन नेलेले असतात. कळी दिसताच शेंडा खुडावा आणि त्यानंतर येणारी बगलफूट दर आठवड्याला काढावी, म्हणजे जोर पानांत राहतो. वांगी, टोमॅटो किंवा मिरची जिथे होती ती जागा टाळावी, कारण ही सारी एकाच कुळातली आहेत आणि केवडा रोगाचा विषाणू एकमेकांना देतात. वाण व्हर्जिनियाचा घेऊ नये. तो चिरुटाच्या कामाचा नाही आणि त्याच्या लागवडीसाठी 1975च्या कायद्याने तंबाखू मंडळाकडे नोंदणीही करावी लागते.

सर्व 30 झाडे एकाच पाण्यावर न ठेवता पाच झाडे विहिरीच्या पाण्यावरच वाढवावीत. जानेवारीत दोन्हीकडचे एकेक पान वाळवून, काडी लावून शेजारी शेजारी ठेवावे आणि जे दिसेल ते मला कळवावे.